पट्टा सलग पाहिजे

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात बचत गटांच्या बैठका घेते. कर्जमागणीत नेहमीचंच असतं: शेळी, पिठाची गिरणी, पोरांची फी, दवाखाना. त्या दिवशी एकीनं घराच्या भिंतीसाठी 15,000 मागितले आणि बैठक पेटली.

घरकुल मंजूर झालेलं होतं. 1,20,000 रुपये ऐकताना एकरकमी वाटतात, पण अनुदान टप्प्यानं येतं. आधी काम उभं करायचं, मग जिओ टॅगचा, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, मग हप्ता. सिमेंटवाला फोटोवर उधारी देत नाही. तिच्या भिंती खिडक्यांच्या वर आलेल्या, हात रिकामा, आणि गवंड्यानं तोड काढलेली: लिंटेल, म्हणजे भिंतीतला काँक्रीटचा आडवा पट्टा, चारी बाजूंनी नको, दारं-खिडक्यांवर तेवढे तुकडे टाकू, लोखंड वाचेल.

कोषाध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "घर काय दूध देतंय का? शेळी घे, कर्ज फिटंल तरी." त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. एकीची परतफेड थकली की बँकेत साऱ्या गटाची पत जाते.

गटातली सगळ्यात थोरली आजी उठली. "हितं बसून काय कळतंय? चला बघायला." आजी म्हणजे साधी बाई नव्हे. 1993 च्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक नेमलं होतं, त्यातली ही एक. सरकारी अभियंत्याचं बोलणं गावाला आणि गावाचं अभियंत्याला समजावून सांगायचं, हे तिनं तरुणपणी केलेलं.

कोपऱ्यावर जाऊन तिनं दोन भिंतींच्या सांध्यात बोट घातलं. "हितनं उघडतंय घर. तुकडा टाकला तर दार ऱ्हाईल, कोपरा फाटंल. चारी भिंती एकमेकींना धरून ऱ्हायच्या तर पट्टा सलग पाहिजे."

"आजी, तवा दगड-मातीच्या भिंती आन् वर माळवदं होती. हे विटांचं हाय," गवंडी म्हणाला.

"वीट बघून भूकंप माघारी जातो व्हय रं?"

कोणी हसलं नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून झोपलेली माणसं 30 सप्टेंबरच्या पहाटे कशी गाडली गेली, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही.

तरी वहिनींचा प्रश्न उरलाच, फेडणार कशातून? तेव्हा त्या ताईनं रस्त्याकडची खिडकी दाखवली. घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसह. तिनं चूल मागच्या कोपऱ्यात ढकलली होती आणि खिडकीखाली शिलाई मशीनपुरती जागा राखली होती. आत्ता ती शेजारणीच्या ओसरीत शिवते. पावसाळ्यात झड आत येते, लोकांचं कापड भिजतं, म्हणून लग्नसराई संपल्यावरची कामं ती परतच पाठवते. हे गटातल्या निम्म्या बायकांना माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच.

कर्ज मंजूर झालं, पण वहिनींची अट: सळई बांधून झाली की गटातल्या दोघींनी बघायची, त्याआधी काँक्रीट ओतायचं नाही. गवंड्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

परत येऊन मी रजिस्टर उघडलं. कर्जाचं कारण काय लिहू, विचारलं. वहिनी म्हणाल्या, "शिलाई धंदा लिहा, वर कुणी विचारणार न्हाई."

"लिंटेलच लिही," आजी म्हणाली. "म्हंजी फुडच्या बाईला मागताना भांडावं लागणार न्हाई."