खांदेरीजवळची निनावी बोट
अमावास्येच्या पहाटे थळच्या एका नाखव्याने व्हीएचएफ रेडिओच्या 16 क्रमांकाच्या वाहिनीवर खबर दिली, की दिवे न लावलेली, नाव-नंबर नसलेली एक करडी बोट थळसमोरच्या खांदेरी बेटाच्या आसपास भन्नाट वेगाने फिरत आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये दहा दहशतवादी समुद्रातूनच कुलाब्याच्या किनाऱ्याला लागले होते. तेव्हापासून आम्ही सागरी पोलीस अशी खबर हलक्यात घेत नाही. कुलाब्याच्या टोकाचे प्रॉंग्जचे दीपगृह मागे पडल्यावर बऱ्याच वेळाने रडारवर एक ठिपका दिसू लागला, पण त्याला एआयएसची, म्हणजे जहाजाची माहिती आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेची, ओळख नव्हती. आम्ही इशारा देताच तो दक्षिणेकडे सुटला. आमची गस्ती नौका पंचवीस नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) पुढे जात नव्हती आणि त्याचा वेग चाळीसच्या घरात होता.

"साहेब, मागं लागू नका," सुकाणूवरचे तांडेल म्हणाले. "सुकती लागलीय, पाणी ओसरतंय. खांदेरी आणि थळच्या मधे खडक आहेत, जाळीही लावलीत. आपण बाहेरच थांबू."

1679 साली मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या याच पाण्यातून खांदेरीला रसद पोहोचवत आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्यांच्यामागे येता येत नसे. त्या पाण्याची जाण आजही कोळ्यांकडेच आहे आणि पाठलागात ती इंजिनापेक्षा मोलाची ठरते, असे माझे ठाम मत आहे.

उजाडले तेव्हा बोट जागीच डुलत होती. मागे बाहेरून बसवलेल्या एका इंजिनाच्या, आउटबोर्डच्या, पंख्याभोवती नायलॉनचे जाळे इतके आवळले होते, की घर्षणाने वितळून त्याचा गोळा झाला होता. बोटीवर माल नव्हता. ताज्या रेझिनचा वास आणि घाबरलेले दोन तरुण होते. एक खासगी कंपनी नोंदणीपूर्वीच, परवानगीवाचून नव्या बोटीची चाचणी घेत होती.

तांडेलांनी सुरीने जाळे कापून काढल्यावर मी त्याच बोटीतून भाऊच्या धक्क्याकडे निघालो. वेग वाढताच पुढचा भाग उचलला गेला आणि बूड पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून सरकू लागले. प्रत्येक लाटेचा दणका तळपायातून थेट मणक्यात जात होता; गुडघे वाकवून, कठडा घट्ट धरून उभे राहावे लागले. फायबरची, पाण्यालगतची अशी बोट रडारवर अंधूक दिसते, त्यामुळे नाखव्याची नजर नसती तर आम्हाला तिचा पत्ताही लागला नसता.

पंचनाम्यात मी बिननोंदणीच्या बोटीबरोबर थळकरांच्या फाटलेल्या जाळ्याचीही नोंद केली आणि कंपनीच्या माणसांकडून भरपाईचे लेखी घेतल्यावरच जबाब पूर्ण केले.