गाडीतली दशमी

साखर कारखान्यांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. ऊस घेऊन आलेला ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी ज्याच्यावर उभी राहते तो काटा. घर साताऱ्यात, मंगळवार तळ्याजवळ; काम मात्र कऱ्हाड, वाळवा, फलटण, माळशिरस, पंढरपूर असं पसरलेलं. गळीत हंगामात कारखाना चोवीस तास चालतो, त्यामुळे फोनही कधीही येतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पायांना सूज यायला लागली. रात्री मोजे काढले की घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ दिसायचा आणि सकाळपर्यंत तो पुरता जायचा नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. मी म्हणालो, "हंगाम संपला की चालायला लागतो, जेवणही मार्गी लावतो." त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे सरकवलं. "नोव्हेंबरात किती रात्री घरी होतात, मोजा बरं." अकरा भरल्या. "मग उरलेल्या एकोणीस रात्री कुणाच्या?"

खरंच होतं ते. घरी असलो की मी साताऱ्यातल्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून यायचो, भाकरी खायचो, दहाला आडवा व्हायचो. गाडीला किल्ली लावली की हे सगळं घरीच राहायचं. आयुष्याचा मोठा भाग रस्त्यावर जात होता आणि काळजी मात्र लहान भागाची घेतली जात होती.

सगळ्यात अवघड होतं जेवण. काटा बंद पडला की फाटकाबाहेर रांग लागते. बैलगाड्यांचे बैल मानेवर जू घेऊन उभे असतात. वजन झाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, ऊस उतरल्याशिवाय बैल सुटत नाहीत. तोडलेला ऊस वाळून वजन घटतं, ते नुकसान शेतकऱ्याचं. हे समोर दिसत असताना डबा उघडून बसायचं मला पाप वाटायचं. मग चहा, बिस्किटं, काम उरकल्यावर मिळेल तिथला वडापाव. एका रात्री असाच दुपारपासून उपाशी होतो. उंदरांनी कुरतडलेली केबल बदलली आणि जंक्शन बॉक्समध्ये एका लोड सेलच्या, म्हणजे काट्याखालच्या वजन टिपणाऱ्या सेन्सरच्या, दोन वायरी उलट्या जोडल्या. आकडा काही केल्या जुळेना. चूक सापडायला तास गेला, आणि तो तासभर बैल उभेच होते.

तेव्हापासून फाटकाशी पोचलो की आधी गाडीतच दहा मिनिटं जेवतो. मग उतरतो.

डब्यात दशमी असते, आईच्या हातची. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी कोमट दुधात मळायचं, चवीला मीठ. तळहाताच्या खालच्या भागाने आई ते इतकं रगडते की परातीला पिठाचा कण राहत नाही. भाकरीवर पाण्याचा हात फिरवतात, तो इथे दुधाचा फिरवायचा. पाणी कुठेच न लागल्यामुळे दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ लागते. भाजल्यावर ती फडक्यावर पसरून पूर्ण गार होऊ देते; गरम भरली तर वाफ धरून चिकट होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, काकडी. दुपारच्या वेळी म्हसवडच्या बाजूला चाललो असेन तर गोंदवल्याला महाप्रसादाला थांबतो. मांडी घालून बसलं की घाई आपोआप कमी होते.

चहाचं सांगायलाच हवं. शेती विभाग, केन यार्ड, काटाघर, जाईन तिथे गोड चहा पुढे येतो. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. पहिल्यांदा नको म्हणालो तेव्हा एका काटा क्लार्कला मी रागावलोय असं वाटलं. त्यांना सरळ रिपोर्टचं सांगितलं. आता ते स्वतःच बिनसाखरेचा मागवतात. दुपारी चारनंतर तोही घेत नाही, कारण पाच-सहा तासांनीही कॅफिन निम्मं अंगात असतं.

पायांसाठी दर दीड तासाला गाडी थांबवतो. चवड्यावर तीस वेळा वरखाली, मग थोडं चालणं. पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं. बसून राहिलं की ते खाली साचतं. सूज यानेच उतरली.

झोपेचा धडा भीतीने मिळाला. म्हसवडकडून पहाटे साडेतीनला परत येत होतो. पुसेगाव मागे पडलं, वर्धनगडचा घाट आला. डोळा किती वेळ मिटला होता मला माहीत नाही. उघडला तेव्हा बॉनेटसमोर उसाच्या मोळ्या होत्या. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, एकीलाही दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक लागला आणि वाचलो. कोरेगावात गाडी बाजूला घेतली तरी हात थरथरत होते. उजाडेपर्यंत तिथेच पडून राहिलो. घरी सांगितलं तेव्हा बायको खूप वेळ बोललीच नाही. मग एवढंच म्हणाली, "अहो, रात्री पोचायची घाई कुणाला आहे? सकाळी या."

आता मध्यरात्रीनंतर परतीची गाडी चालवत नाही. कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर झोपतो. घरची चादर, कानात घालायला कापसाचे बोळे, मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. रात्री साडेआठला मुलीचा फोन असतो, त्या वेळी हातातलं पक्कड खाली ठेवतो. ती गणितं सांगते, मी ऐकतो. सहामाहीला तिला कुठला धडा जड गेला हे या वर्षी मला ठाऊक होतं. त्याचा आनंद साखरेच्या आकड्याहून मोठा होता, आणि तो आकडाही ५.८ वर आलाय.

गेल्या गुरुवारी माळशिरसच्या बाजूला रात्री एकला पोचलो. गाडीत डबा उघडला तर पहिल्या बैलगाडीचा गाडीवान काचेपाशी आला. बीडकडचा, वयाने माझ्या वडिलांएवढा. काटा कधी सुरू होईल विचारायला आला होता. मी दशमी पुढे केली.

"घरची हाय का?"

"आईने केलीय, मामा."

त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी मोडून दोन्ही बैलांच्या तोंडाशी धरली. वीस मिनिटांत त्यांची गाडी काट्यावर उभी होती.