साताऱ्याच्या किल्ल्यांची पानं: एसएसआयवर कुठवर आलो

किल्ल्यांच्या संकेतस्थळाच्या पानांचं काम बरंच पुढे सरकलंय. ती एसएसआयवर आहेत, म्हणजे 'सर्व्हर साइड इन्क्लूड्स'वर: पान पाठवताना सर्व्हरच त्यात दुसऱ्या फायलींचे तुकडे घालतो. अजिंक्यतारा, सज्जनगड, वैराटगड, चंदन-वंदन झाले. कल्याणगडाचं पान, तिथल्या पाण्याच्या गुहेसकट, नुकतंच लागलं. प्रत्येक फायलीत त्या गडाचा मजकूर तेवढा आहे. शीर्षपट्टी, मेनू आणि तळपट्टी वेगळ्या फायलींत ठेवल्यात; पान मागितलं की अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) ते तुकडे जागच्या जागी बसवून देतं. नवा किल्ला वाढला की मेनूची एकच फाइल उघडायची.

पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतही हे एका ओळीत होतं. पण गडाची वाट आणि पाण्याची टाकी सगळ्या वाचकांना सारखीच दाखवायची असतात. नुसते तुकडे जोडायला अख्खी भाषा आणि तिच्या बदलत्या आवृत्त्या सांभाळणं मला पटत नाही. शिवाय अपाचीत 'इन्क्लूड्स नोएक्झेक' हा पर्याय ठेवला की पानातून सर्व्हरवर आज्ञा चालवायची सोयच बंद होते.

सगळ्यात जास्त वेळ 'शेवटचा बदल' या तारखेनं घेतला. तळपट्टी वेगळी फाइल असली, तरी 'लास्ट मॉडिफाइड' हा एसएसआयचा चल (व्हेरिएबल) वाचकानं मागितलेल्या पानाचीच तारीख देतो, हे फार छान आहे. महिन्याचं नाव मराठीत हवं होतं, म्हणून महिन्याचा आकडा तपासणाऱ्या बारा अटी लिहिल्या. लांबलचक आहे, पण चालतं. तारखेचे अंक मात्र इंग्रजीच राहिलेत, कारण एसएसआयमध्ये अक्षराच्या जागी अक्षर घालायची सोय नाही.

एसएसआयची पानं अपाची एरवी बदलाच्या तारखेच्या हेडरविना (पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या माहितीच्या ओळीविना) पाठवतं. 'एक्सबिटहॅक फुल' हा अपाचीचा पर्याय लावला तर मूळ पानाची तारीख पाठवली जाते आणि ब्राउझरला जुनी प्रत वापरता येते. पण मग मेनू बदलला तरी वाचकाला जुनाच दिसू शकतो. मेनू सारखा वाढतोय, म्हणून तो लावलेला नाही.

तालुक्यानुसार शोध मात्र पीएचपीत केलाय. वाचकानं काय निवडलं ते घेऊन यादी फिरवून पाहायची, तर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायची सोय) हवाच, आणि तो एसएसआयमध्ये नाही. शोधाचं पान तेच तुकडे वाचतं. तळपट्टीतल्या एसएसआयच्या आज्ञा एचटीएमएलच्या टिप्पणीसारख्या (ब्राउझर दाखवत नाही अशा) लिहिलेल्या असल्यानं तिथे काही वेडंवाकडं उमटत नाही, फक्त तारीख दिसत नाही.

आता पाटण तालुका घेतोय: दातेगड आणि गुणवंतगड. दातेगडाच्या तलवारीच्या आकाराच्या विहिरीचे फोटो जड आहेत, ते आधी लहान करायचेत.