तुम्ही विचारलंत म्हणून: दोरी ओढण्याआधी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर भेटणारे कितीतरी जण मला एकच विचारतात, "भाऊ, दोरी ओढून ओढून खांदा गेला, होडीचं इंजिन काही सुरू होत नाही. सोपा उपाय सांगा ना." परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहितो.

गेल्या थंडीत गंगावऱ्ह्याच्या काठावर एका मावशींना इंजिन सुरू करताना पाहिलं. मनगट काडीसारखं आणि होडीला आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक. त्यांनी दोरी आधी हळूच ओढली. आतल्या चाकाने पकड घेतली, पिस्टनचा जोर हाताला लागला, तिथे थांबल्या. मागे कुणी नाही ना, ते पाहिलं. मग डावा हात इंजिनच्या टोपावर टेकवला आणि कोपर अंगाशी धरून, कमरेतून मागे झुकत एकच लांब ओढ. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. मूठही त्यांनी सोडून दिली नाही, हातानेच परत आत नेली. आपण ढिल्या दोरीलाच हिसका देतो. तो सगळा खांद्यात जातो, शिवाय दोरी तुटते ती वेगळीच.

तयारी त्यांनी आधीच केली होती. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मोकळा, गियर न्यूट्रलला, बंद करायच्या बटणाची क्लिप जागेवर, पेट्रोलच्या नळीतला रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबलेला. इंजिन थंड असेल तर चोक, म्हणजे आत जाणारी हवा कमी करणारा खटका, पूर्ण ओढा, पण पहिली फुरफुर ऐकू आली की लगेच आत ढकला. चोक तसाच ठेवून दहा-दहा वेळा दोरी ओढली की ठिणगी पाडणारा प्लग पेट्रोलने भिजतो. मग तो काढून कोरडा पुसावा लागतो. जास्तीचा प्लग आणि पाना होडीत हवाच.

रोजच त्रास देणाऱ्या इंजिनात मी आधी पेट्रोल बघतो. हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, बारीक छिद्रं बुजवतं. म्हणून होडी ठेवून देण्याआधी, इंजिनचा खालचा भाग पाण्यात असतानाच चालू इंजिनची पेट्रोलची नळी काढा आणि आतलं पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडू द्या.

बॅटरीच्या स्टार्टरचंही विचारलंत. खांद्याचं खरंच दुखणं असेल तर जरूर बसवा, मात्र फ्लायव्हीलला, म्हणजे टोपाखालच्या जड फिरत्या चाकाला, दाते नसतील तर नुसती मोटर घेऊन भागणार नाही. टोप उघडून फोटो पाठवा, बघून सांगतो.