माउलींचे पाय

आळंदीहून पंढरपूरची वाट सुमारे 250 किलोमीटरची. पालखी पुण्यात दोन रात्री विसावते, तेव्हा कुणी वारकऱ्यांच्या तुटक्या चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी पाय चेपतं. त्यात पाय चेपणं सगळ्यात सोपं वाटतं, म्हणूनच जो तो तेलाची बाटली घेऊन बसतो.

पण तेलाला घाई नसावी. चिखलाच्या पायावर ते चोळलं की वाळूचे बारीक खडे कातडी सोलतात. आधी टबात कोमट पाणी, मूठभर मीठ, दहा मिनिटं. पाणी कितपत गरम हे स्वतःच्या कोपराला विचारावं. "साखर आहे का, माउली?" हा प्रश्न त्याआधीच व्हावा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. असे पाय भिजवत न ठेवता नुसते धुवावेत. आणि दर माणसामागे पाणी बदलावं. एकाच टबात वीस जणांचे पाय बुडवले, तर पुण्याबरोबर बुरशीही वाटली जाते!

खरी सेवा बोटांच्या बेचक्यांत. जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने एकेक बेचकं कोरडं करायचं, तिथे तेल नाहीच लावायचं. ओल राहिली की चिखल्या होतात. मग चमचाभर तेल तळहातावर घेऊन घोट्यापासून गुडघ्याकडे, वरच्या दिशेने हात फिरवावा. पोटरी दुखरी असते, अंगठे रुतवू नयेत. एकच पोटरी सुजलेली, लाल, गरम लागली तर हात आवरायचा आणि थेट डॉक्टरांकडे न्यायचं. आत रक्ताची गुठळी असू शकते.

फोड दिसला की हात शिवशिवतात. फोडू नये. वरची कातडी हीच त्याची पट्टी. स्वच्छ गॉज सैलसर बांधावं.

शेवटी तळवे खसखसून पुसावेत, नाहीतर चपलेत पाय सरकतो आणि पुढे दिवेघाट असतो. पुणे-सासवडचा तो लांबलचक टप्पा बहुधा एकादशीलाच येतो, तेव्हा शिदोरीला बिस्किटांचे पुडे देऊ नयेत. केळी, शेंगदाण्याचे लाडू चालतात.

उठताना वारकरी सेवेकऱ्याच्या पाया पडायला वाकतो, सेवेकरीही त्याच वेळी वाकतो. डोकी सांभाळावीत. टब तेवढ्यात उपडा करावा, पुढचे पाय खुर्चीशी आलेले असतात.