कोकणकड्यावरची सकाळ

शनिवारी संध्याकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा तिथे शे-दीडशे माणसं होती आणि तीन स्पीकर वाजत होते. तिन्हींवर वेगळी गाणी. सूर्य खाली कोकणात उतरत होता आणि त्याच्याकडे पाठ करून सगळे स्वतःचे फोटो काढत होते. माझा भाचा बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, "मामा, तू तर म्हणाला होतास इथे फक्त वारा ऐकू येतो."

मी तसं म्हणालो होतो हे खरं. पहिल्यांदा हरिश्चंद्रगडावर आलो तेव्हा मी कॉलेजात होतो आणि कड्यावर आम्ही चौघंच होतो. तीच आठवण मी त्याला दोन वर्षं सांगत आलोय. आता दहावीतल्या या मुलाला त्याच्या पहिल्याच मोठ्या ट्रेकला हे दाखवावं लागलं, याचा मला मनापासून राग आला होता. गर्दीबद्दल तक्रार नाही, डोंगर सगळ्यांचा आहे. पण इतकं चढून यायचं आणि वर घरातलाच आवाज लावायचा, हे मला आजही समजत नाही.

दिवसभराची चाल थोडक्यात सांगतो. कल्याणहून आळेफाट्याची एसटी, माळशेज घाट ओलांडून खुबी फाटा, धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, तिथून तोलारखिंड. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे, त्याला नमस्कार करून रेलिंगचा खडा टप्पा चढलो. पुढे पठारावरच्या टेकड्या, एक संपली की दुसरी. सोनकी सगळीकडे फुलली होती. देवळापाशी येईपर्यंत भाच्याचे पाय बोलायला लागले होते. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उतरून त्याने पिंडीला प्रदक्षिणा घातली. चार खांबांपैकी तीन मोडलेत आणि एकच छताला टेकलेला आहे, तो त्याने दोनदा हात लावून पाहिला. थकवा तिथेच उतरला त्याचा.

रात्री देवळाजवळ, पायथ्याच्या पाचनई गावातल्या एका बाबांच्या छपरात मुक्काम केला. साठी ओलांडलेला, काटक माणूस. नागलीची भाकर, पिठलं, लसणाची चटणी. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं.

सकाळी सहाला बाबा युरियाच्या दोन रिकाम्या गोण्या काखेत मारून निघाले. मी कुठे म्हणून विचारलं. "कड्यावर. येता का?" म्हणाले. भाच्याला हलवून उठवलं आणि त्यांच्या मागे निघालो. धुकं इतकं होतं की दहा पावलांवरचे बाबा दिसत नव्हते, फक्त गोणीचा खसखस आवाज.

कड्यावर कोणीही नव्हतं. बाबा कड्याकडे गेलेच नाहीत, मागच्या कारवीच्या झुडपांत शिरले आणि वाकून वेचायला लागले. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्यांवरची कागदं. कारवीच्या काटक्यांना ती अशी गुंडाळली होती की सोडवताना फाटत होती. एका पाकिटाचा रंग पूर्ण उडून ते चंदेरी झालं होतं आणि त्याच्या घडीत मुंग्यांनी घर केलं होतं. बाबांनी ते आधी झटकलं, मुंग्या उतरू दिल्या आणि मग गोणीत टाकलं.

मी म्हणालो, "लोक इथे झुडपांत कशाला येऊन टाकतात?"

"इथं कुणी टाकत नाय दादा. समदे तिकडं टाकत्यात, खाली दरीत. कडा वर लावून देतो."

मला समजलं नाही हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी गोणी खाली ठेवली आणि आम्हाला कड्याकडे नेलं. काठापासून बरंच अलीकडे थांबवून म्हणाले, "आधी बसा. आता पोटावर निजा. पोरा, तू माझ्या हाताशी." तसेच सरपटत पुढे गेलो. ओल्या कातळाचा गारवा शर्टातून छातीला लागला. हनुवटी काठावर आली आणि वारा खालून, थेट गळ्यावर आला. एवढ्या वेळा इथे येऊन मी कधी आडवा पडून खाली पाहिलं नव्हतं. उभं राहून पाहिलं की कडा कळतच नाही, कारण तो तुमच्या पायाखाली आत गेलेला असतो. नागाच्या फण्यासारखा. पडून पाहिलं तेव्हा माझ्या छातीखाली काहीच नाही, हे मला पहिल्यांदा नीट समजलं आणि पोटात गोळा आला.

बाबांनी कारवीचं एक पान काठाबाहेर सोडलं. ते हातभर खाली गेलं, थबकलं, आणि आमच्या डोक्यांवरून सटकन मागे झुडपांत गेलं. भाच्याने पाच-सहा पानं सोडली. सगळी परत आली.

कोकणातून येणाऱ्या वाऱ्याला इथवर मोठं काही आडवं येत नाही. तो या अर्धगोल भिंतीवर आपटतो, बाजूला निसटायला जागा नसते म्हणून भिंतीला घासत वर चढतो आणि काठावरून उसळून पठारावर येतो. पावसाळ्यात याच वाऱ्याने धबधब्यांचं पाणी उलटं वर उडतं, ते मी पाहिलं होतं. पाकिटंही तशीच उडत असणार, हे कधी डोक्यातच आलं नाही. दरीत भिरकावलं की गेलं, असंच वाटायचं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या पहिल्या खेपेला आम्ही चौघांनी एक काचेची बाटली खाली फेकली होती, आवाज येतो का ऐकायला. आला नाही म्हणून दुसरी फेकली. जड वस्तू कडा परत करत नाही. ती खालच्या बेलपाडा गावाच्या बाजूच्या रानात जाते, जिथे गुरं चरतात आणि नळीच्या वाटेने माणसं चढत असतात. मी हे बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. परत कारवीत गेले, आणि मीही त्यांच्या मागे जाऊन वेचायला लागलो.

आठच्या सुमारास ऊन पाठीवर आलं. दरी अजून धुक्याने काठोकाठ भरलेली होती. भाचा काठापासून मागे, पाठीला ऊन घेऊन उभा होता. तो एकदम ओरडला, "मामा, इकडे ये, लवकर!"

समोर धुक्यात रंगांचं एक पूर्ण गोल कडं होतं. बाहेर तांबडं, आत निळसर, आणि मधोमध माणसाची सावली. इंद्रवज्र. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने याच ठिकाणी ते पाहिल्याची नोंद 1835 साली केली आहे, एवढं मला वाचून माहीत होतं. माझ्या नशिबी ते कधी नव्हतं.

"माझ्या डोक्याभोवती आहे बघ," भाचा म्हणाला.

"तुझ्या कुठे, माझ्या आहे," मी म्हणालो. मला तर स्पष्ट दिसत होतं. मी हात हलवला, रंगांच्या कड्यातली सावली हात हलवत होती. त्याने हात हलवला आणि तोही तेच म्हणाला. आम्ही खरोखर वाद घालत होतो. बाबा गोणी घेऊन आमच्या मध्ये येऊन उभे राहिले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "मला माझ्याभोवती दिसतंया. ज्याचं त्याला दिसतं."

आणि ते तसंच आहे. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश जवळपास आल्या वाटेनेच मागे पाठवतात, त्यामुळे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, पाहणाऱ्याच्या डोळ्यांशी जुळणारंच कडं त्याला दिसतं. शेजारी उभ्या माणसाचं कडं तुम्हाला दिसत नाही. मी हे भाच्याला समजावत होतो, तोवर त्याने फोटो काढला होता आणि तो बघून गप्प झाला होता. फोटोत कडं त्याच्या डोक्याभोवती नव्हतं. फोन धरलेल्या हाताच्या सावलीभोवती होतं.

सात-आठ मिनिटं असेल. मग धुकं काठावरून वर आलं, आमच्या अंगावरून गेलं आणि समोर नुसतं पांढरं राहिलं. बाबांना विचारलं, हे नेहमी दिसतं का. पाऊस सरत आला, धुकं खाली आणि ऊन पाठीला असलं की दिसतं म्हणाले. त्यांना त्यात फार नवल वाटत नव्हतं. दुसरी गोणी अर्धी रिकामी होती, त्याची त्यांना घाई होती.

तारामती शिखरावर जायचं ठरलं होतं ते राहिलं. त्याऐवजी दहापर्यंत तिघांनी मिळून दोन्ही गोण्या भरल्या. गोण्या हलक्याच, पण फुगलेल्या, त्यामुळे पाठीवर नीट बसत नव्हत्या. एक भाच्याने घेतली, मागूनच घेतली, आणि पाचनईची वाट उतरताना एकदाही माझ्याकडे दिली नाही. ओढ्याच्या कातळावर एकदा घसरला तेव्हा स्वतःला सावरायच्या आधी त्याने गोणीचं तोंड धरलं.

खाली गावात पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. बाबांनी गोण्या घरामागे रिकाम्या केल्या, झटकल्या, घडी करून परत काखेत मारल्या. चहा पिऊन जा म्हणाले, पण स्वतः थांबले नाहीत. रविवार होता, वर जाणाऱ्यांची रांग सकाळपासून लागलेली होती.