आमची वाटचाल : कपाळावरच्या आठ्या आणि युनिटांचा हिशोब

नाशिकच्या गंगापूर रोडवरचं आमचं क्लिनिक मुरमं, वांग आणि गजकर्ण यांच्या उपचारांवर उभं राहिलं. सुरकुत्यांची इंजेक्शनं सुरू करायचं ठरलं, तेव्हा पहिली खरेदी झाली ती औषधांसाठी वेगळ्या फ्रिजची, त्याच्या इन्व्हर्टरची आणि आतलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची. या इंजेक्शनांतलं औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, आणि त्याची बाटली २ ते ८ अंशांतच राहायला हवी. मुंबईहून येणारा माल ऐन मे महिन्यातही कसारा घाट चढून येतो. त्यामुळे पेटीतली बर्फाची पाकिटं गार आहेत का, बॅच नंबर आणि मुदत काय, हे पाहिल्याशिवाय कुरिअरच्या कागदावर सही होत नाही. शंका आली की पेटी परत.

लोक याला सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतात. मुळात हे डोळ्यांचं औषध. तिरळेपणासाठी डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते विकसित केलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्याने, म्हणजे नेत्रतज्ज्ञ जीन आणि त्वचातज्ज्ञ अ‍ॅलिस्टर यांनी, भुवयांमधल्या आठ्यांवरचा त्याचा परिणाम १९९२ मध्ये मांडला. त्या आठ्यांसाठी अमेरिकेची मान्यता २००२ ची. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला आवळायचा निरोप नेणारं रसायन, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडणं हे औषध रोखतं, म्हणून स्नायू आवळत नाही आणि त्यावरची कातडी दुमडत नाही. सुरकुती ‘भरणारं’ इंजेक्शन वेगळं, ते फिलर. हा फरक आमच्याकडे खुर्चीत बसण्याआधीच समजावला जातो, कारण चेहरा सैल सोडल्यावरही खोल दिसणारी रेघ टॉक्सिनने पूर्ण जात नाही.

युनिट हे या औषधाची ताकद मोजण्याचं माप. १०० युनिटांची बाटली आम्ही अडीच मिली सलाइनमध्ये विरघळवतो. म्हणजे ०.१ मिलीत ४ युनिट, हिशोब सोपा. बाटलीत निर्वात पोकळी असते, त्यामुळे सलाइन आपोआप आत ओढलं जातं. ते ओढलं गेलं नाही, तर ती बाटली बाद. हलवायची नाही, हळूच फिरवायची, फेस येऊ द्यायचा नाही. तयार औषध २४ तासांत संपवायचं. याच कारणासाठी आमच्याकडे इंजेक्शनांच्या वेळा एकाच दिवशी ठेवल्या जातात. शिळ्या बाटलीतलं औषध स्वस्तात देण्याचा मोह या धंद्यात मोठा आहे आणि आमचा त्याला साफ विरोध आहे.

भुवयांमधल्या आठ्यांना साधारण २० युनिट लागतात, पाच ठिकाणी चार-चार. डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजू मिळून २४. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांत या कडांच्या रेघा फार लवकर उमटतात, उन्हात डोळे बारीक करून उभं राहण्याची सवय. पुरुषांचे स्नायू जाड असल्यामुळे डोस बहुधा वाढवावा लागतो, आणि सोबत टोपी व सनस्क्रीन नसेल तर पैसे वाया.

सगळ्यात नाजूक भाग कपाळ. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, फ्रंटालिस. “डॉक्टर, एकदम गुळगुळीत करा” असं म्हणणाऱ्याच्या कपाळात औषध जास्त किंवा फार खाली गेलं, की भुवया जड होऊन खाली येतात आणि डोळे थकल्यासारखे दिसतात. उलट फक्त मधला भाग सैल केला आणि कडा सोडल्या, तर भुवईचं बाहेरचं टोक टोकदार वर चढतं. हे एक-दोन युनिटांनी सुधारतं, खाली आलेली भुवई मात्र वाट पाहूनच सुधारते. म्हणून आम्ही कपाळाला आधी कमी देतो आणि दोन आठवड्यांनी पाहून भर घालतो. पापणी लोंबण्याचं कारण वेगळं. भुवईजवळ टोचलेलं औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपतं. ते टाळण्यासाठी भुवईच्या हाडाच्या कडेपासून किमान एक सेंटीमीटर वर टोचायचं आणि टोचताना त्या कडेवर बोट दाबून ठेवायचं. तरीही पापणी उतरली, तर काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. तोवर डोळ्यात घालायचे अ‍ॅप्राक्लोनिडीनचे थेंब थोडा आधार देतात.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे रुग्ण, टोचायच्या जागी पुरळ-पू असलेले, यांना आम्ही नकार देतो. जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर पुढची तारीख. हृदयासाठी घेतली जाणारी अ‍ॅस्पिरिन मात्र आमच्या सांगण्यावरून कुणी बंद करायची नाही, थोडा काळानिळा डाग परवडतो. इंजेक्शननंतर चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही, त्या दिवशी वाफ आणि फेशियल नको. परिणाम दोन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. लग्नघरच्या मंडळींना म्हणूनच आम्ही महिनाभर आधी बोलावतो. हळदीच्या आदल्या दिवशी आलेल्यांना परत पाठवतो.

बिल ‘कपाळाचं एवढं’ असं न करता युनिटांवर करायचं ठरवल्यावर धंद्याला खरी शिस्त आली. प्रत्येकाच्या कार्डावर चेहऱ्याचं चित्र, टोचलेले बिंदू, प्रत्येकी युनिट, कंपनी आणि बॅच नंबर असतो. कंपनी लिहायलाच हवी, कारण एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाइतकं नसतं. पुढच्या वेळी कार्डाशिवाय सिरिंज भरली जात नाही.

आता काखेतल्या अति घामासाठीही हेच औषध देतो. आयोडीन आणि स्टार्च लावून घामाची जागा निळी-काळी उमटवायची, मग एका काखेला ५० युनिट, १० ते १५ ठिकाणी, एक-दोन सेंटीमीटर अंतरावर, कातडीतच. यासाठी बाटलीत चार मिली सलाइन घालतो, म्हणून या बाटल्यांवर वेगळ्या रंगाचं लेबल असतं.